डभोईचे दरवाजे

बडोद्याहून डभोई साधारण ३० किलोमीटर. आपल्यापैकी पुष्कळजणी तिथे लोढण पार्श्वनाथांच्या दर्शनाला आणि उपाध्याय यशोविजयजींच्या समाधीला जाऊन आल्या असतील. दर्शन होतं, चहापाणी होतं, बस परत फिरते. गावाचा कोट मात्र बघायचा राहून जातो.

या कोटाला चार दरवाजे. तिकडे दरवाजाला भागोळ म्हणतात. पूर्वेची हिरा भागोळ कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. उरलेल्या तिघींची नावं वडोदरी, चांपानेरी आणि नांदोदी. कोणती वाट कुठे जाते ते नावातच आलं. दक्षिणेला नर्मदेचे घाट, उत्तरेला पावागड, पश्चिमेला आपलं बडोदे. ज्याला गुजरात हवा त्याला डभोई हवीच. त्यामुळे या गावाला स्वस्थता अशी फारशी मिळालीच नाही.

१ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ मोठी लढाई झाली, आणि दोन्हीकडे मराठेच होते! एका बाजूला बाजीराव पेशवे, दुसऱ्या बाजूला सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि त्यांच्यासोबत पिलाजी गायकवाड. भांडण गुजरातच्या चौथाईचं. त्रिंबकराव गोळी लागून पडले. पिलाजींचा मुलगाही त्याच लढाईत गेला.

त्रिंबकरावांच्या आई उमाबाई. या कळवणजवळच्या अभोण्याच्या ठोके घराण्यातल्या. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या १७१० मध्ये यांनीच बांधवल्या. पती खंडेराव १७२९ मध्ये गेले होते, आता हाताशी आलेला मुलगाही गेला. शाहू महाराजांनी समेट घडवला. सांगतात की, महाराजांनी बाजीरावांना उमाबाईंपुढे उभं केलं आणि तलवार त्यांच्या हाती दिली. उमाबाईंनी ती चालवली नाही. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावांना मिळालं, कारभार आईकडे आला. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजींचा खून झाला, तेव्हा ही बाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेली.

पण राग गेला होता का? बाजीराव १७४० मध्ये वारले. तरी १७५१ मध्ये उमाबाई ताराबाईंच्या बाजूने नानासाहेब पेशव्यांच्या, म्हणजे बाजीरावांच्या मुलाच्या विरोधात उभ्या राहिल्या. पिलाजींचे चिरंजीव दमाजी फौज घेऊन साताऱ्याकडे गेले. हार झाली, दोघंही कैदेत पडले, आणि गायकवाडांना निम्मा गुजरात पेशव्यांना द्यावा लागला. डभोईतल्या एका दिवसाचा हिशेब वीस वर्षं चालला.

मुलगा गमावलेल्या आईला आपण काय शिकवणार? तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण आपल्या शास्त्रात क्रोधाचे चार प्रकार सांगितलेत, ते इथे आठवतात. पाण्यावरच्या रेघेसारखा पंधरा दिवसांचा संज्वलन, वाळूतल्या रेघेसारखा चार महिन्यांचा प्रत्याख्यानावरण, जमिनीच्या भेगेसारखा वर्षभराचा अप्रत्याख्यान, आणि डोंगराच्या भेगेसारखा जन्मभराचा अनंतानुबंधी. आपली पाक्षिक, चौमासी आणि संवत्सरी प्रतिक्रमणं याच मोजमापाने बसतात. भेग पुढच्या पायरीवर जायच्या आत बुजवायची, एवढाच त्यातला अर्थ. महाराजांचा हुकूम तलवार थांबवू शकतो. मनातली भेग ज्याची त्यालाच बुजवावी लागते.

आणि हे काही राजेरजवाड्यांपुरतं नाही हं. आपल्याकडे चौथाई नसते, पण आईच्या बांगड्या असतात, वडिलांचं दुकान असतं, लग्नातला मानपान असतो. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम’चा एकच मेसेज अख्ख्या गावाला जातो आणि नेमकी ती एक जाऊबाई वगळली जाते. मग आईचं भांडण मुलगी चालवते, तिला तर मूळ कारणही ठाऊक नसतं.

ज्ञानसार लिहिणारे यशोविजयजी या लढाईच्या चाळीसेक वर्षं आधी याच गावात काळधर्म पावले. पुढच्या खेपेला समाधीवर डोकं टेकवून झालं की वडोदरी भागोळीपाशी पाच मिनिटं बस थांबवायला सांगा. आणि वगळलेला तो एक नंबर तिथूनच लावा.