कच्चा कैदी, पक्की शिक्षा

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात सोनारी हे गाव आहे. काळभैरवनाथाचे देवस्थान म्हणून ते दूरवर प्रसिद्ध आहे. काळभैरव हा काशीचा कोतवाल, नगराची राखण करणारा आणि अपराध्याला शासन करणारा, अशी आपल्या हिंदू बांधवांची श्रद्धा आहे. ह्याच गावाबाहेरच्या माळावर पारध्यांची काही पाले होती. तेथील एका म्हातारीची नात आमच्या बोर्डिंगमध्ये शिकत असल्याने आमचे तिकडे जाणे-येणे असे. काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात, भर दुपारी, ती म्हातारी आमच्या दाराशी येऊन बसली. पाणी प्यायली आणि म्हणाली,

"बाबा, कोर्टानं लेकराला सोडलंय म्हणत्यात. मंग तुरुंग का सोडंना?"

हकीकत अशी होती. शेजारच्या गावात घरफोडी झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे पोलीस पालांवर आले आणि तिच्या बावीस वर्षांच्या धाकट्या मुलाला घेऊन गेले. त्याच्यापाशी मुद्देमाल सापडला नाही. पाच महिन्यांनी न्यायालयाने जामीन मंजूर केला. पंधरा हजारांचा, आणि तेवढ्याच ऐपतीचा एक जामीनदार. जामीनदार म्हटला की सातबारा हवा, घरपट्टीची पावती हवी, ऐपतीचा दाखला हवा. पालात राहणाऱ्या माणसाच्या गणगोतात सातबारा कोणाचा असणार? कागदावर मुलगा सुटला होता. प्रत्यक्षात तो आतच होता.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. हे सारे ऐकून आमच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडला तो असा : "पण त्याने चोरी केली होती का?" म्हातारीने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ते तर कोर्ट बघंल ना, बाबा?" आरोप सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावा, हे तत्त्व आम्ही सेमिनरीत लॅटिन ग्रंथांतून शिकलो होतो. त्या निरक्षर बाईने ते आम्हांला आमच्याच उंबरठ्यावर शिकवले.

आमच्या स्वतःच्या नावावर जमीन नाही. चर्चची मालमत्ता ही ट्रस्टची. म्हणून आम्ही धर्मग्रामातील दोघा जमीनदार गृहस्थांना विचारले. एकाने विषय टाळला. दुसरा रविवारच्या मिस्सानंतर हलक्या आवाजात म्हणाला, "फादर, दुसऱ्या कुणासाठी सांगा, नाही म्हणणार नाही. पारध्यासाठी नको." आम्ही मान डोलावली. खरे सांगायचे तर त्याच्या नकाराने आम्हांला थोडे हायसेच वाटले. आपण प्रयत्न केला, ह्या समाधानात सहा आठवडे गेले. ते सहा आठवडे तो मुलगा तुरुंगात होता.

अशा कैद्याला तुरुंगाच्या भाषेत 'कच्चा कैदी' म्हणतात. २०२२ च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर माणसे कच्चे कैदी होती. म्हणजे दर चारांपैकी तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा होता. तुरुंगाच्या क्षमतेच्या शंभर जागांमागे एकशे एकतीस माणसे कोंबलेली होती. न्यायालयांना हे ठाऊक नाही असे नव्हे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. कनिष्ठ न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले. त्या निकालाला इतकी वर्षे लोटली, तरी आमच्या दाराशी आलेल्या बाईला सातबाराच शोधावा लागला.

आणि पहाटे पोलीस पालांवरच का गेले? ह्याचे उत्तर १८७१ च्या कायद्यात आहे. त्या साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यात जन्मलेले मूलही गुन्हेगार. त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. १९११ च्या कायद्याने हे जू मुंबई इलाख्याच्याही मानेवर आले. सोनारी तेव्हा निजामाच्या राज्यात. परंतु जवळच्या सोलापुरात, इंग्रजी हद्दीत, तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. सोलापूरकर त्या भागाला पुढेही 'सेटलमेंट'च म्हणत राहिले. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरी देत. त्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्या मिशनऱ्यांनी शाळा चालवल्या, आजाऱ्यांची सेवा केली, हे खरे. तथापि कुंपणाच्या किल्ल्या ख्रिस्ती हातांत होत्या, हेही खरे. आणि ते आपण विसरता कामा नये. सद्हेतूने धरलेली किल्लीही कुलूपच लावते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण सराईत गुन्हेगारांसाठी राज्याराज्यांत निराळे कायदे आले आणि जुना संशय नव्या नोंदवहीत उतरला. त्या संशयाखालचे बालपण लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या'मध्ये मांडले. ते आपल्याच शेजारच्या लातूर भागातले. तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी आणि विमुक्तांवरचा 'सराईत' हा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने पुसला, तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

ह्या सर्वाचा विचार करताना आमच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. माणसाला कोंडून ठेवण्याची सत्ता ही शासनाच्या हातची सर्वांत भयंकर सत्ता आहे. ती जेवढी थोडी वापरावी तेवढे बरे. दुकानदाराने चुकीचे माप दिले तर त्याला दंड होतो. शासनाने निर्दोष मनुष्याची वर्षे घेतली, तर सहसा कोणालाच काही भरावे लागत नाही. ज्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही, तो चूक सुधारील कशाला? नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२४ च्या जुलैपासून लागू झाली. पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ भोगला, तर काही गंभीर गुन्हे वगळता त्याला सोडावे, असे ती म्हणते. पण एकाहून अधिक खटले असतील तर ही सवलत नाही. ज्या पालावरच्या माणसाचे नाव दर घरफोडीत येते, त्याच्या वाट्याला ही दया किती येणार?

ज्या घरी चोरी झाली, त्या माउलीचेही दुःख आम्ही पाहिले आहे. तिचे डोरले गेले ते गेलेच. मुलगा आत होता म्हणून ते परत आले नाही. खरा चोर कोण, हे शोधण्याची घाईही मग कोणाला उरली नाही. तुरुंग भरला की न्याय झाला, असे आपण समजतो. त्या दिवशी न्याय ना तिला मिळाला, ना ह्याला.

अखेर जामीनदार भेटला तो सोनारीतच. निवृत्त शिक्षक, दोन एकर कोरडवाहूचे धनी, भैरवनाथाचे नेमाने दर्शन घेणारे. म्हातारीची नात त्यांच्या शाळेत शिकून आमच्याकडे आली होती. आम्ही चाचरत विषय काढला. गुरुजींनी ट्रंकेतून सातबारा काढला. आम्ही धोक्याची कल्पना दिली, तेव्हा ते हसले. "पळाला तर पंधरा हजार जातील, फादर. दोन एकर तर कुठं पळत नाहीत?" चौथ्या दिवशी मुलगा बाहेर आला. तो पळाला नाही. प्रत्येक तारखेला हजर राहिला, आणि दोन वर्षांनी पुराव्याअभावी निर्दोष सुटला. आतल्या महिन्यांचा हिशेब कोणी केला नाही.

ह्याच राज्यात दुसराही मार्ग चालून पाहिलेला आहे. १९३९ च्या सुमारास औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश अभियंत्याची ती कल्पना, आणि औंधच्या राजेसाहेबांचा तिला पाठिंबा. तेथे शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह राहत, शेती करत, भिंत नव्हती. शांतारामबापूंनी १९५७ साली पडद्यावर आणलेल्या 'दो आँखें बारह हाथ'मागे हीच प्रेरणा. शिक्षा झालेल्यांवर भिंतीवाचून विश्वास टाकता येतो, तर शिक्षा न झालेल्यांवर का नाही?

आपल्याच स्टॅन स्वामींची आठवण येथे होते. झारखंडातील आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारा हा जेज्वीट धर्मगुरू ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटकेत गेला आणि ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कच्चा कैदी म्हणूनच मुंबईत निवर्तला. खटला सुरूही झाला नव्हता. तेव्हा आपल्या चर्चमधून मेणबत्त्या लागल्या, आम्हीही लावली. लावताना आम्हांला ते सहा आठवडे आठवले. स्टॅन स्वामींना ओळखणे आपल्याला सोपे होते, ते आपले होते. तुरुंगातल्या ज्या माणसाला भेटण्यास प्रभूने सांगितले, तो आपलाच असेल असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

धर्मग्रामातील ज्या बांधवांच्या नावे सातबारा आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे. पुढे कधी आम्ही दाराशी येऊ. तेव्हा आमच्यासारखे आधी विचारू नका, त्याने केले होते का. ते कोर्ट बघेल.