तीन डेसिबलचं कुंपण

“मागं बसलेल्यांना कीर्तन कळंना झालंय,” अप्पा फोनवर म्हणाले. “आवाज पोचतोय. शब्द पोचंना.”

स्पीकरच्या बाबतीत अप्पांनी मला काही विचारायची ही पहिलीच वेळ. गेली ३० वर्षं ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि आसपासच्या दहा-बारा गावांत स्पीकर लावतात. लग्न, बारसं, प्रचारसभा, दहाव्याचं प्रवचन, काहीही. मी इंजिनिअर झालो, पुण्यात दिवसभर पेमेंटच्या सर्व्हरसाठी कोड लिहितो. पण घरी गेलो की माझं काम वायरी गुंडाळायचं, आणि तेही मी चुकीचं करतो असं त्यांचं मत आहे. (वायर कोपरावर गुंडाळायची नसते, पीळ पडतो. एवढं आता मला येतं.)

भानगड नव्या सभामंडपाची होती. पूर्वी देवळासमोर कापडी मांडव घालून सप्ताह व्हायचा. कापड आवाज पिऊन टाकतं. आता लोकवर्गणीतून पक्कं बांधकाम झालंय : वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंना भिंती. पुढे दोन मोठे बॉक्स, आणि मागे आवाज कमी पडतो म्हणून मधल्या खांबांना आणखी दोन स्पीकर. पुढच्या बॉक्सपासून हे खांब १२ मीटरवर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १२ मीटर कापायला त्याला ३५ मिलिसेकंद लागतात. वायरीतून मात्र सिग्नल खांबावर त्याच क्षणी पोचतो. मागच्या माणसाला महाराजांचा प्रत्येक शब्द आधी खांबावरून ऐकू येतो, पाठोपाठ पुढून, आणि त्यावर पत्र्याचा घुमारा. या गर्दीत पहिली चिरडली जातात ती व्यंजनं. ‘पाप’ आणि ‘ताप’ एकच होऊन जातात.

उपाय सोपा आहे : खांबावरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायचा. त्यासाठी तयार प्रोसेसर विकत मिळतात. पण मी म्हणालो, “अप्पा, मी बनवून आणतो.” तेव्हा मला बायक्वाड फिल्टर म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं.

मी घेतला तो अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या एडीएयू १७०१ या चिपचा छोटासा बोर्ड. दोन सिग्नल आत, चार बाहेर. ही चिप आपण लिहितो तसल्या कोडने चालवायची नसते. तिच्यासाठी सिग्मास्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजवरच चालतं. म्हणून पहिलं काम, कॉलेजातला जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली काढणं.

त्यात दोन पानं असतात. एकावर हार्डवेअर मांडायचं आणि दुसऱ्यावर आवाजाचा रस्ता काढायचा. मी सवयीने थेट दुसऱ्या पानावर गेलो आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली. हार्डवेअरच्या पानावर आपल्या टेबलावर जे आहे तेच चित्रात ठेवावं लागतं : यूएसबीचा प्रोग्रामर, चिप, आणि प्रोग्राम साठवणारी इप्रॉमची मेमरी. मग त्यांच्यात रेघा ओढायच्या. प्रोग्रामर सापडला की त्याची खूण हिरवी होते. माझी दुसऱ्या दिवशी रात्री ११ ला झाली. मग दुसऱ्या पानावर इनपुटचा ठोकळा, आउटपुटचा ठोकळा, मध्ये वायर. एखादं टोक मोकळं राहिलं की कंपाइलच होत नाही. शेवटी झालं. दोन संध्याकाळच्या मेहनतीनंतर गाणं जसं आधी वाजत होतं अगदी तसंच वाजलं, आणि मी खुर्चीतून उठून नाचलो.

सर्व्हर लिहिणाऱ्याला या चिपचं वागणं विचित्र वाटतं. तिला कुणाची विनंती येत नाही, ती कशाची वाट बघत नाही. सेकंदाला ४८,००० वेळा एक सॅम्पल आत येतं आणि तुमचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा धावतो. प्रत्येक धावेला १,०२४ सूचनांची मुभा. तेवढ्यात बसलात तर ठीक, नाहीतर नाही. ‘नंतर ऑप्टिमाइझ करू’ हे आमचं आवडतं वाक्य इथे उच्चारताच येत नाही.

मला सगळ्यात आवडली ती गोष्ट वेगळीच. एकदा प्रोग्राम चिपमध्ये उतरवला की गाणं चालू असतानाच पडद्यावरचा स्लायडर सरकवता येतो आणि आवाज तिथल्या तिथे बदलतो. एका फिल्टरमागे पाच आकडे असतात. त्यातले दोन नवे आणि तीन जुने अशी स्थिती क्षणभर जरी आली तरी फिल्टर किंचाळू शकतो. म्हणून चिपमध्ये ‘सेफलोड’ची पाच खास घरं आहेत. पाचही आकडे तिथे आणून ठेवायचे आणि दोन सॅम्पलच्या मधल्या फटीत एकदम बदलायचे. पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात आलेच नाहीत असं होऊ नये म्हणून मी ऑफिसात जे करतो, तेच हे. इथे मला जरा घरच्यासारखं वाटलं.

३५ मिलिसेकंदांचे होतात साधारण १,६८० सॅम्पल. त्यात मी ५ मिलिसेकंद मुद्दाम वाढवले. पुढचा आवाज किंचित आधी आला की कान त्यालाच खरा मानतो, आणि मागच्या माणसालाही महाराज खांबातून नव्हे, समोरूनच बोलतायत असं वाटतं. एकूण १,९२०. चिपची डेटा मेमरी २,०४८ शब्दांची, आणि त्यातच फिल्टरचंही भागवायचं. सभामंडप आणखी दोन-तीन मीटर लांब बांधला असता तर ही चिप निकामी ठरली असती. वर्गणी कमी पडली म्हणून मंडप आखूड झाला, असं गावात सांगतात. मी देणाऱ्यांचे आणि न देणाऱ्यांचेही मनातल्या मनात आभार मानले.

सप्ताहाच्या दोन दिवस आधी गावी गेलो. अप्पांचे पुढचे बॉक्स त्यांनी स्वतः बांधलेले, खाली बेसचा स्पीकर आणि वर हॉर्न. २,००० हर्ट्‌झच्या खालचं खाली आणि वरचं वर, अशी वाटणीही मी चिपमध्येच केली होती. ती तपासायला सिग्मास्टुडिओत सलग एक सूर वाजवणारा ठोकळा असतो. वायरींची अदलाबदल झालेली असली तर बेस हॉर्नमध्ये घुसेल आणि त्याचा पडदा जळेल, म्हणून अप्पांनी बजावलं, “आवाज बारीक ठेव.” ओसरीवर एक बॉक्स ठेवला, अप्पा त्याच्यासमोर बसले, आणि मी सूर हळूहळू वर नेऊ लागलो. ५००. १,०००. दोन हजारांच्या आसपास आवाज खालच्या स्पीकरमधून वरच्या हॉर्नमध्ये सरकला. अप्पा खुशीत मान हलवत होते. ३,०००.

“बंद केलास व्हय?” अप्पा म्हणाले.

मी पडद्याकडे बघितलं. ४,००० च्या जरा वर. सूर माझ्या कानात सुईसारखा घुसत होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, “अगं बाई, बंद करा ते किंचाळणं!”

अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कितीवर हाय?”

“चार हजार.”

“बरं,” म्हणाले, आणि उठून वायरी बघायला गेले.

त्या रात्री मी वाचत बसलो. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे कान बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास आधी जातात. तिथे खड्डा पडतो, मग तो रुंदावतो. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही. मला मात्र गेल्या चार-पाच वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकदम आठवल्या. अप्पांचे स्पीकर अलीकडे टोचतात असं लोक म्हणायचे. ट्रेबल नेहमी वर. चुलतभावाच्या लग्नात पुण्याच्या पाहुण्यांनी कानात कापूस घातला होता आणि अप्पा मला म्हणाले होते, “जरा चमक कमी वाटतीय.”

मी त्यांना काही बोललो नाही. उलट एक काम केलं. अप्पांना लॅपटॉप नको होता. “मला फिरवायचं काहीतरी दे,” असं ते आधीच म्हणाले होते. या चिपला साधं व्हॉल्यूमचं बटण जोडायला चार पिना आहेत. ३,००० च्या आसपासचा पट्टा, म्हणजे शब्दांचा धारदारपणा, वर-खाली करणारं एक बटण मी जोडलं. आधीच तयार केलेल्या सात फिल्टरांचा तक्ता होता आणि बटणाच्या जागेवरून त्यातला एक निवडला जायचा. उणे ३ डेसिबलपासून अधिक ३ पर्यंत. ३ डेसिबल म्हणजे त्या पट्ट्याची ताकद दुप्पट; त्यापुढे जाऊ द्यायचं नाही. त्यांच्या कानावर माझा विश्वास उरला नव्हता, आणि तसं सांगण्यापेक्षा कोडमध्ये घालणं मला सोपं गेलं.

पहिल्या दिवशी दुपारी रिकाम्या मंडपात मी फोनवर ग्राफ बघत सगळं लावलं. अप्पा म्हणाले, “आत्ता कशाला झटतोयस? लोकं बसू दे. माणसं बसली की मंडप बदलतो.” खरंच बदलला. चारेकशे माणसं आणि त्यांचे कपडे यांनी घुमारा पुष्कळ खाल्ला आणि माझे अर्धे फिल्टर फुकट गेले. डिले मात्र चालला. मागे शब्द सुटे सुटे ऐकू येत होते. मी मिक्सरपाशी बसून राहिलो.

अप्पा मिक्सरपाशी नव्हतेच. ते सगळ्यात मागच्या खांबाला टेकून उभे होते आणि लोकांकडे बघत होते. मग आले, बटण डावीकडे फिरवलं, पुन्हा मागे गेले. पुन्हा आले, पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, “हे पुढं जाईना.”

मी पुढच्या रांगांकडे पाहिलं. चाळीसेक टाळकरी रंगात आले होते आणि पुढे बसलेली पोरं कानांवर हात ठेवून होती. अप्पांना तो पट्टा खाली आणायचा होता, आणि माझं कुंपण उणे ३ वर त्यांना अडवत होतं. कीर्तन चालू असताना नव्याने कंपाइल केलं तर आवाज मध्येच तुटणार. अप्पांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. टाळांसाठी ठेवलेला माइक उचलून हातभर मागे सरकवला. पोरांनी कानांवरचे हात काढले.

रात्री टेम्पोत सामान बघताना त्यांनी विचारलं, “तीनवरच का अडवलंस?”

मी सांगितलं. सगळं नाही, पण ४,००० चं सांगितलं.

“मला ठाऊक हाय रं,” ते म्हणाले. “पाच-सहा वर्सं झाली. कानात कायम रातकिडं असत्यात.”

“मग तुम्ही लावता कसं?”

“मी कुठं माझ्या कानानं लावतो? महाराजांनी इनोद केला की पुढची हसत्यात. मागची त्याच टायमाला हसली तर शब्द पोचला. शेजारणीला ‘काय म्हनलं?’ इचारून मग हसली तर नाय पोचला.” थोडं थांबून म्हणाले, “आणि वर जाऊ नये म्हणून अडवलंस ते बरं केलंस. लग्नात चुकायचं माझं, तिथं कोण ऐकतंय आन कोण हसतंय! पण खाली जायला काय झालं हुतं?”

याला उत्तर नव्हतं. खाली जायचं कधी त्यांना सुचेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच रात्री तक्ता बदलला : खाली उणे ९ पर्यंत, वर ३ च. दुसऱ्या दिवशीचं कीर्तन छान झालं. तिसऱ्या दिवशी ऐन रंगात लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, आवाज आला, आणि दहा मिनिटांनी अप्पा मिक्सरपाशी. “परत अडवलंस व्हय?” नवा प्रोग्राम मी चिपमध्ये उतरवला होता, पण इप्रॉममध्ये लिहायला विसरलो होतो. लाइट गेल्याबरोबर चिप तो विसरली आणि साठवलेला जुना घेऊन उठली, कुंपणासकट. चिपच्या चित्रावर उजवी क्लिक, इप्रॉममध्ये लिहा. एवढंच काम होतं. पेमेंटच्या सर्व्हरवर असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मीटिंग लागली असती. अप्पांनी फक्त मान हलवली.

सप्ताह संपल्यावर त्यांना साताऱ्याला नेऊन कान तपासून घेतले. दहा मिनिटं कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. कागदावर आलेख आला. १,००० पर्यंत बरा, मग उतार, ४,००० ला खोल खड्डा, ८,००० ला पुन्हा थोडा वर. डॉक्टरांनी मशीन सुचवलं. अप्पा ‘बघू’ म्हणाले. म्हणजे नाही. निदान आत्ता तरी नाही.

एसटीत तो कागद मांडीवर धरून ते बराच वेळ बघत होते. मग बोट खड्ड्यावर ठेवून म्हणाले, “ह्ये तुझ्या कम्प्युटरवर दिसतं तसंच हाय की. ह्याचं उलटं करून घरच्या टीव्हीला लावलं तर?”

पूर्ण उलटं करायचं नसतं, मी म्हणालो. ४० डेसिबलचा खड्डा ४० ने भरला तर मोठे आवाज सोसवणार नाहीत. साधारण निम्मा भरतात, आणि वर मर्यादा घालावीच लागते.

“घाल की,” ते म्हणाले. “ह्या टायमाला इचारून घाल.”

घरी गेल्यावर लॅपटॉप उघडला, नवा प्रोजेक्ट घेतला. इनपुट, आउटपुट, मध्ये एक रिकामी वायर. अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले. बातम्या लागल्या होत्या. आईने आवाज आधीच कमी करून ठेवला होता.