शनिवारी येशू कुठे होता?

अहो, हातातलं काम राहू द्या जरा! मला एक गोष्ट सापडलीय आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज घास घशाखाली उतरायचा नाही. घरच्यांनी केव्हाच हात जोडलेत. आता तुम्हीच!

आधीच सांगते, धर्मशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. ख्रिस्तीही नाही मी. पाहुणे आले की त्यांना वेरूळला नेणारी, कैलास दाखवून उसाचा रस पाजून परत आणणारी संभाजीनगरची साधी बाई! पण 'ख्रिस्तपुराण' हाती लागलं आणि माझी झोपच उडाली. पुराण! येशूचं! मराठीत! ओव्यांत! आणि लिहिणारा कोण, तर थॉमस स्टीफन्स नावाचा चक्क इंग्रज पाद्री! 1579 साली हा गोव्यात उतरला, आणि मग इथल्या भाषा शिकला, आणि मग शिकून गप्प बसला का, तर नाही, सुमारे 11,000 ओव्या लिहून मोकळा झाला! ज्ञानेश्वरीत 9,000 च्या आसपास आहेत हो! 1616 साली गोव्यात रायतूरला हे पुराण छापलं, तेही रोमन लिपीत. आणि त्याच वर्षी इकडे रोषणगावला मलिक अंबर आणि मोगल यांची जुंपली होती, खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, लुटली जात होती! म्हणजे आमचं गाव जळतंय आणि तिकडे ओव्या छापून होताहेत!

आणि मांडणी तर अगदी आपल्या पोथीची! ऐकणारा शंका काढतो, पाद्री गुरू निरसन करतात. आधी आदम आणि एवा, त्यांच्या हातून घडलेलं पाप, मग तारणाऱ्याची वाट पाहणं, मग येशू, मग क्रूस. आणि स्वर्गाला काय म्हटलंय? वैकुंठ! मी पुस्तक मिटलं आणि गच्चीवर एक चक्कर मारून आले.

आणि मग तो प्रश्न पडला. शुक्रवारी येशूला क्रुसावर चढवलं. रविवारी तो उठला. मग शनिवारी होता कुठे?

हसू नका! प्रश्न माझा एकटीचा नाही, फार जुना आहे. चर्चमध्ये श्रद्धा सांगायची जी छोटीशी प्रार्थना आहे ना, तिच्यातच याचं उत्तर येऊन जातं: तो मेलेल्यांच्या लोकात उतरला. खाली! कशाला? तर जुनी समजूत अशी, की आदमापासूनची भली माणसं तिथे अडकून पडली होती, स्वर्गाचं दार बंद आणि हे आपले वाट बघताहेत, आणि मग हा खाली गेला आणि त्यानं ती दारंच मोडली! इस्तंबूलच्या पूर्वीच्या कोरा चर्चमध्ये (आता तिथे मशीद आहे) याचं 14व्या शतकातलं भित्तिचित्र आहे. मी मोबाइलवर बोटांनी मोठं करकरून पाहिलं. पांढऱ्या कपड्यातला येशू, पायाखाली मोडलेली दारं, आणि त्यांच्याभोवती कुलपं! किल्ल्या! सगळा पसारा! आणि येशूनं एका हातानं आदमाला, दुसऱ्या हातानं एवेला धरून थडग्यातून अक्षरशः उपसून काढलंय. हात हातात घेऊन नाही हो, मनगट धरून! ज्यांनी हा सगळा घोळ केला, त्यांनाच आधी!

आणि मग मी ताडकन उठले. कारण असं कुणीतरी कुणाला तरी मृत्यूच्या तावडीतून ओढून काढताना मी पाहिलं होतं. वेरूळला! पंधरा नंबरच्या लेण्यात, दशावतारात, वरच्या मजल्यावर! मार्कंडेय पिंडीला बिलगलाय, यमाचा फास गळ्यात पडलाय, आणि पिंडीतून शंकर बाहेर येतोय आणि यमाला लाथ हाणतोय! आठव्या शतकातला दगड, पण ती लाथ आजही बसते!

दोन भिंती, एकच धांदल. पण फरक बघा ना! हा फरक कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मार्कंडेयाला शंकर मरूच देत नाही. यम बाहेरच्या बाहेर परत! येशूच्या गोष्टीत मात्र तारणाराच आधी मरतो, आणि मग मेलेल्यांत जातो, आणि मग दार आतून फोडतो! आतून! आणि मार्कंडेयाच्या गाठीला निदान भक्ती होती. येशूच्या शेजारी क्रुसावर होता तो चोर, त्याच्या गाठीला काय होतं? पुण्य करायला वेळच उरला नव्हता. नुसतं म्हणाला, माझी आठवण ठेवा. आणि येशूनं त्याला त्याच दिवशीचं आमंत्रण दिलं! मला हे थोडं अन्यायाचं वाटतं, खरं सांगते. इथे मी एवढे उपास करतेय! पण ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा तोच दिसतोय: तारण कमवायचं नसतं, मिळतं.

बाकी या श्रद्धेत पुनर्जन्म नाही, चौऱ्याऐंशी लक्ष योनी नाहीत. एक जन्म, एक मरण, आणि मग शेवटच्या दिवशी देहासकट उठायचं. मधल्या काळात आत्म्याच्या शुद्धीची जागा आहे असं कॅथलिक मानतात आणि 2 नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंटांना ते मान्य नाही. त्या भांडणात मी पडत नाही, माझी तेवढी पोच नाही.

पण तुम्ही एक करा. वेरूळला गेलात की कैलासावरच थांबू नका. शेजारच्या पंधरा नंबरचा जिना चढा, मार्कंडेयासमोर उभे राहा आणि मोबाइलवर कोरा चर्चचं ते चित्र काढा. दोन्ही एकाच वेळी बघा! आणि मग मला सांगा, मी वेडी आहे का! फक्त मंगळवारी जाऊ नका, मंगळवारी लेणी बंद असतात.