माझ्या प्राण्याची शस्त्रं

मुलांसाठी विज्ञानकथा लिहिताना नवेनवे प्राणी घडवण्याची मला हौस. किनाऱ्यावर वाहून आलेलं कुजकं-सडकं खाणारा एक शंखधारी प्राणी रंगवला, तेव्हा तर मी हात आखडला नाही. अभेद्य कवच दिलं, विषारी काटे दिले, रंग बदलणारी कातडी दिली, वर शाईचा फवाराही. जितकी शस्त्रं जास्त तितका प्राणी तगडा, असं माझं सरळसोट गणित. आज ते मला पटत नाही. ते मोडलं कोकणच्या पुळणींवर हिंडणाऱ्या हर्मिट क्रॅबने.

हा खेकडा पुढून चिलखती, मागून उघडा. पोट मऊ, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात बसावं असं पिळदार. शेपटाकडचे छोटे अवयव शंखाच्या आतल्या खांबाला असे धरतात की ओढायला गेलात तर एखादवेळी खेकडा तुटेल, पण सुटणार नाही. बोट लावा, पाय झटकन आत जातात आणि मोठी नांगी दाराच्या फळीसारखी तोंडावर बसते.

पण या बचावाची किंमत त्याला रोज मोजावी लागते. जड शंख वाहताना दमछाक, पातळ शंख फुटायची भीती, लहान पडला तर वाढच खुंटते. म्हणून रिकामा शंख दिसला की तो नांगीने त्याचं तोंड चाचपतो, आतली खोली अजमावतो आणि पसंत पडला तर उघड्या पोटानिशी चटकन घर बदलतो. कधी लहानमोठे खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात. पहिल्याने जुना शंख सोडला की त्यात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा. काही जाती शंखावर डंख मारणारी समुद्रपुष्पं बाळगतात आणि नव्या घरी जाताना तीही सोबत नेतात. अंदमान-निकोबारचा नारळ खेकडा तर लहानपणीच शंख वापरतो. पुढे त्याचं पोटच टणक होतं आणि तो चार किलोपर्यंत वाढतो. एवढ्या धुडाला मावेल असा शंख मग मिळणार कुठून? तो बिळात नाहीतर खडकांच्या कपारीत दडतो.

माझ्या प्राण्याला कशाचीच भीती नव्हती, म्हणून त्याची शस्त्रं नुसती शोभेची होती. विष आणि शाई मी काढून टाकली. बालवाचक थोडे रुसतील, रुसोत. आता नवा प्राणी घडवताना मी आधी त्याची दुखरी जागा ठरवतो, मग ती झाकायला त्याला किती परवडेल ते पाहतो. शस्त्रांचा विचार त्यानंतर.