मनगट मोजलंत का?

आमच्या घरात घड्याळांना तोटा नाही. स्वयंपाकघरात एक, बाहेरच्या खोलीत एक, शिवाय मोबाइल आहेतच. तरी गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली, ह्यांनी हातातलं घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि ते पुन्हा घालेनात, तेव्हा मला काही चैन पडेना.

घड्याळ तसं साधंच. एचएमटीचं 'जनता', चावीचं. 1981 साली आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी जावयाला दिलेलं. त्या काळी एचएमटी मागितलं आणि मिळालं, असं नव्हतं. दादांनी ते कुणाच्या ओळखीनं मिळवलं, ते अखेरपर्यंत सांगितलं नाही. कंपनीचा घड्याळांचा कारभार गुंडाळायचा निर्णय सरकारनं 2016 साली घेतला, पण आमचं 'जनता' आपलं चालूच. सकाळी चहाच्या आधी त्याला चावी द्यायची, हा ह्यांचा इतक्या वर्षांचा नेम.

शेवटी एकदा विचारलंच, "अहो, घड्याळ का घालत नाही?"

"पट्टा कुजलाय," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि मला आता कुठली गाडी पकडायचीय?"

तीस वर्षं डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य! माझ्या पोटात कालवलं. म्हटलं, गाडीचं पुढं बघू, पट्ट्याचं तर आपल्या हातात आहे ना?

दुसऱ्याच दिवशी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि स्टेशनबाहेरच्या एका विक्रेत्याकडून छान जाडजूड, चकचकीत काळा पट्टा बसवून आणला. दीडशे रुपये. त्यावर 'जेन्युईन लेदर' असं छापलेलंही होतं. ह्यांनी तो घातला मात्र, घड्याळ फिरून मनगटाच्या आतल्या बाजूला गेलं. शेवटच्या भोकात लावूनही तेच. हे काही बोलले नाहीत. घड्याळ काढून पुन्हा कपाटात ठेवलं, आणि त्या रात्री जेवलेही कमीच. पंधरा दिवसांनी पाहते तो पट्ट्याचा वरचा पापुद्रा सुटायला लागलेला.

मग मात्र मी दादरला एका जुन्या घड्याळजींकडे गेले. जुना पट्टाही बरोबर नेला होता. टाकून द्यायला मन होत नव्हतं, एवढंच. काकांनी डोळ्याला भिंग लावून आधी तोच पाहिला. एका ताणलेल्या भोकावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब इथं लावायचे. आता कुठं लावतात?"

मी म्हटलं, "आता... आजारपणात हात फार बारीक झालाय हो त्यांचा."

"वहिनी, तुम्ही घड्याळ आणलंत. मनगट मोजलंत का?"

खरंच की! ब्लाऊजचं माप देताना अर्धा इंच इकडेतिकडे चालत नाही आपल्याला, आणि पट्टा मात्र मी नुसता रंग बघून घेतला होता.

त्या दिवशी काकांकडून जे शिकले ते तुम्हालाही सांगते. पहिली गोष्ट रुंदीची. पट्टा घड्याळाच्या ज्या दोन शिंगांमध्ये बसतो, तिथलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. आमचं 18 भरलं. 16 चा घेतला तर फट राहते, 20 चा कोंबला तर कडा चुरगळतात. दुसरी लांबीची. पुरुषांच्या नेहमीच्या पट्ट्यात बक्कलाचा तुकडा साधारण 75 मिलिमीटर आणि भोकांचा 115 ते 120 असतो. बारीक हाताला आखूड पट्टा मागून घ्यावा. तिसरी जाडीची. पातळ घड्याळाला पातळ पट्टा. जाड, फुगीर पट्टा लहान मनगटावर नीट वळतच नाही.

आणि चामडं ओळखायचं ते कडेवरून. चांगल्या चामड्याची कड तंतूतंतूंची दिसते आणि पट्टा वाकवला की वर बारीक सुरकुत्या पडतात. रेक्झिनला आतून कापड असतं. 'जेन्युईन' या शिक्क्यावर फार जाऊ नये; चामड्याच्या खालच्या थरावर रंगाचा पापुद्रा चढवला, तरी ते चामडंच म्हणवतं! पट्ट्याबरोबर स्प्रिंगच्या पिनाही नव्या घालाव्यात. जुनी गंजलेली पीन तुटली, की घड्याळ खाली पडलंच म्हणून समजा.

घरी आले तर हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी शिवणाचा दोरा हळूच मनगटाभोवती घेतला.

"हे काय गं, दोरा कसला बांधतेस?"

"नवस केलाय," म्हटलं आणि आत जाऊन दोरा टेपवर धरला. सहा इंच. कधीकाळी हाच हात माझ्या मुठीत मावत नसे. ओट्याशी मिनिटभर तशीच उभी राहिले.

दुसऱ्या खेपेला तपकिरी, पातळ, आखूड पट्टा आणला. साडेचारशे पडले. सात भोकं, घड्याळाकडून मोजलं तर बक्कल तिसऱ्यात बसेल असा काकांनी मुद्दाम निवडला. म्हणाले, "तब्येत भरली की पुढची भोकं आहेतच."

ह्यांनी घड्याळ घातलं, हात हलवून पाहिला. घड्याळ जागचं हललं नाही. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "किती वाजलेत? लावायला हवं हे."

आता आंघोळीच्या आधी ते काढून ठेवणं, घाम आला की पट्टा कोरड्या फडक्यानं पुसणं, रात्री डबीत न कोंडता उघड्यावर ठेवणं, ही कामं हे स्वतः करतात. पावसाळ्यात तर फारच जपतात. खोबरेल मात्र मी लावू दिलं नाही, चामडं काळवंडतं.

परवा सकाळी चहा गाळताना ह्यांच्या हाताकडे सहज लक्ष गेलं. बक्कल चौथ्या भोकात लागलं होतं.

मी काही बोलले नाही. चहात साखर मात्र दोनदा घातली गेली.