मास्तरांची पेटी

आपल्या शाळेच्या कार्यालयाशेजारच्या खोलीत, प्रयोगशाळेतून बाद झालेल्या काचेच्या कपाटात, एक पेटी बारा वर्षे ठेवलेली होती. 2013 नंतर वसतिगृहात आलेल्या विद्यार्थ्यांनी ती पाहिली, पण ऐकली नाही. त्याआधीच्या माजी विद्यार्थ्यांना मात्र एप्रिलमधली ती एक रात्र आठवत असेल. नांदेडहून टेम्पो येई, मैदानावर ताडपत्री अंथरली जाई आणि जेवणे आटोपली की मास्तर भाता उघडून पहिला सूर धरीत. ती पेटी लातूरला आपल्या शाळेत कशी आली, हे मी आजवर लिहिले नाही. कारण तिला येथे आणून मुकी करण्यात माझा हात होता.

मास्तर शाळामास्तर नव्हते. नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये ते कामगार होते. पेटी येते म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. 4 ऑगस्ट 1978 रोजी टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली, त्यानंतरच्या पावसाळ्यातच त्यांनी आपली गायन पार्टी उभी केली. एक पेटी, एक ढोलकी आणि कोरसला दोघे. गाणी बहुतेक वामनदादा कर्डकांची. नामांतराच्या सोळा वर्षांत या चौघांनी किती वस्त्यांमधून रात्री जागवल्या, त्याची नोंद कोणीच ठेवली नाही. नोव्हेंबर 1993 मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले, त्यानंतरच्या सभेत मास्तरांना गाता आले नाही; ते नुसती पेटी वाजवीत राहिले आणि लोक रडत राहिले. (माझी एम.ए.ची पदवी 1992 ची. तिच्यावर विद्यापीठाचे जुनेच नाव आहे. ती मी बदलून घेतली नाही; इतिहासाच्या माणसाने आपला पुरावा जपावा.)

डिसेंबर 2012 मध्ये मास्तर गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वस्तीतल्या विहारात पंचवीस-तीस माणसे मागे थांबली. पार्टीचे चौघे आणि बाकीचे आम्ही ऐकणारे. ऐकणाऱ्यांचाही पार्टीवर हक्क असतो असे आम्ही धरूनच चाललो होतो. पार्टी चालवावी की थांबवावी, एवढाच प्रश्न होता. पण त्याला रात्रीचा एक वाजला.

ढोलकीवाले मामा पहिल्यांदा बोलले. "तीन सुपाऱ्या घेतल्यात. उचल खाल्लेली आहे. परत कुठून देऊ?" त्यावर एका वृद्ध श्रोत्याने सांगितले की मास्तरांच्या जागी दुसरा बसलेला आपल्याला पाहवणार नाही. तरुण मुलांचे म्हणणे निराळे होते. त्यांनी परभणीकडचा एक मुलगा हेरून ठेवला होता. डोळे मिटले तर मास्तरच गात आहेत असे वाटावे, इतकी हुबेहूब नक्कल. नाव तेच ठेवायचे, आवाजही तोच ठेवायचा. मग कोपऱ्यातून मास्तरांची मुलगी म्हणाली, "मी गाईन." पंधरा वर्षे ती कोरसला होती. तिच्या बोलण्यावर कोणी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. विषय पुढे सरकला.

शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेला माणूस, इतिहासाचा एम.ए. मी उठून भाषण केले. पार्टी म्हणजे दुकान नव्हे, की बाप गेल्यावर गल्ल्यावर दुसरा बसावा. नक्कल हा मास्तरांचा अपमान आहे. सन्मानाने थांबू या, पेटी शाळेला देऊ या. पुढच्या पिढ्या ती पाहतील. माणसांनी माना डोलावल्या. नकलेविषयी मी बोललो ते आजही मला पटते. पण मुलीच्या वाक्याला मी उत्तर दिले नाही, आणि ते विसरून राहिले असेही नाही. बाईने रात्री-अपरात्री टेम्पोतून गावोगाव फिरायचे, पेटीपुढे मधोमध बसायचे, हे माझ्याही मनाला रुचले नव्हते. ते कारण मी सन्मान या शब्दाखाली झाकले.

वर्गात मी दरवर्षी पहिली धम्मसंगीती शिकवतो. सप्तपर्णी गुहा, पाचशे भिक्खू, महाकश्यप अध्यक्ष, उपालीने विनय सांगितला आणि आनंदाने धम्म. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे, एका सुरात म्हणणे, हा अर्थही फळ्यावर लिहितो. शास्ता गेल्यानंतर संघाने पहिले मोठे काम केले ते हे. तथागतांनी आपल्या जागी कोणाला नेमले नव्हते. माझ्यानंतर धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे सांगून ते गेले. त्यामुळे आवाजाची नक्कल करण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. चुल्लवग्गात दोन प्रसंग आहेत, ते मी परीक्षेला येत नाहीत म्हणून घाईने उरकीत असे. एक, ज्या आनंदाच्या स्मरणावर सगळे उभे राहिले, त्यालाच तेथे दोषी धरले गेले. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून त्याने रदबदली केली, हा त्यातला एक दोष. मला यात दोष दिसत नाही, पण तुमच्यावरील श्रद्धेने मान्य करतो, असे तो म्हणाला. दुसरा प्रसंग पुराण नावाच्या स्थविराचा. संगीती आटोपल्यावर तो आला. स्थविरांनी चांगले संगायन केले आहे, असे म्हणून त्याने पुढे सांगितले, की मी मात्र भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करीन. त्याला कोणी हाकलले नाही, आणि त्याच्यासाठी संगायन रद्दही झाले नाही.

पुण्याला नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी पाश्चात्त्य बँड ऐकतो. त्याला हा वाद सांगितला, तर तो म्हणाला की तिकडेही हेच भांडण आहे. लेड झेपलिनचा ढोलवादक जॉन बॉनम 1980 मध्ये गेला आणि उरलेल्यांनी बँडच थांबवला. रोलिंग स्टोन्सचा एक संस्थापक ब्रायन जोन्स 3 जुलै 1969 ला वारला. त्याआधी महिनाभर तो वेगळा झालेला होता. दोनच दिवसांनी बँड लंडनमध्ये हजारोंपुढे उभा राहिला आणि अजून वाजवतो आहे. त्याच जुलैत आपल्याकडे अण्णाभाऊ साठे गेले, ऑगस्टमध्ये अमर शेख अपघातात गेले. 1944 मध्ये द. ना. गवाणकरांसह ज्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, त्यांतले दोघे सहा आठवड्यांत. मागे चाहते उरले, गाणीही उरली; त्यांचे कलापथक मात्र उरले नाही.

2004 मध्ये मे महिन्यात वामनदादा नाशिकला गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. शिंद्यांचा गळा मुलांकडे आणि नातवाकडे गेला. दादांचे तसे नव्हते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला, आणि त्याने लिहिलेले शेकडो अनोळखी गळ्यांनी उचलले. शेवटच्या कडव्यात वामन हे नाव येते, तेव्हा गाणारा कोणीही असो, पुरुष असो वा बाई, ते नाव त्यालाच घ्यावे लागते. स्वतः मास्तर चौतीस वर्षे दुसऱ्याच्या नावाने गात होते. ही साधी गोष्ट त्या रात्री विहारात मला सुचली नाही.

पार्टी थांबल्यावर मामा लग्नाच्या बँडमध्ये गेले. वरातीत ताशा वाजवू लागले. कोरसचा एकजण पुण्याला वॉचमन झाला. उचल फेडायला मामांनी काय विकले, ते मी विचारले नाही.

जानेवारी 2025 मध्ये, नामविस्तार दिनाच्या दुसऱ्या दिवशी, मास्तरांची मुलगी शाळेत आली. आता तीही पन्नाशीजवळ आली आहे. कपाटापुढे थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पेटी न्यायला आले." मी दप्तरी नोंदीचे काहीतरी बोललो. ती म्हणाली, "नोंद तुम्हीच केली होती ना?" मी किल्ली आणली.

भात्याचे कापड विरले होते, तीन सूर बसले होते. दुरुस्तीला दोन महिने गेले. एप्रिलमध्ये ताडपत्री पुन्हा अंथरली गेली. फलकावर काय लिहावे, असे मी तिला फोनवर विचारले. "गायन पार्टी, नांदेड. बस." मधोमध ती बसली. मामांचा हात पहिल्या दोन गाण्यांत मागे पडत होता, तिसऱ्यात जमला. तिची पट्टी वडिलांपेक्षा उंच. ज्या ओळीवर मास्तर थांबत तिथे ती थांबली नाही, पुढे निघून गेली, आणि मागच्या बाजूच्या आठवीच्या मुलींनी ती ओळ उचलली. विहारात बोललेले ते वृद्ध श्रोते नातवाच्या गाडीने आले होते. शेवटपर्यंत बसले. निघताना मला म्हणाले, "चांगलं झालं, सर. पण मी ऐकलेलं ते वेगळं." मी त्यांना फाटकापर्यंत पोचवले.

पेटी तिच्याकडेच आहे. कपाटात सध्या खो-खोच्या ढाली ठेवल्या आहेत.