हमीपत्राचे वाचन

मला हवा असलेला लॅपटॉप ही आखूडशिंगी, बहुदुधी गाय आहे, याची मला जाणीव आहे. वजन एक किलोच्या आत, बॅटरी रात्रभर पुरणारी, कळफलक रोजचे सात-आठ पाने मराठी टंकन सोसणारा आणि किंमत प्राध्यापकाच्या आवाक्यातली. गेल्या दिवाळीत अशी गाय खरोखरच बाजारात उभी राहिली. वजन ९८० ग्रॅम, छापील किंमत १,१४,९९० रुपये, सवलतीनंतर ६७,९९० रुपये, सवलतीची मुदत चार दिवस. खोडलेल्या आकड्याला आपण फार मान देऊ नये. ती किंमत कुणी कधी मोजली असेलच असे नाही. परंतु खालचा आकडाही त्या जातीच्या यंत्राला कमीच होता, आणि तो कमी का आहे हे त्या चार दिवसांत मला ठरवायचे होते.

हलकेपणाचा हा सोस चैनीचा नाही. काही वर्षांपासून मी सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकांचे संवाद टिपून ठेवतो आहे. या नाटकांना लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद देवळासमोर, रात्रीच्या त्या खेळातच जन्माला येतात. पहाटे खेळ संपला की तोंडावरचा रंग पुसता पुसता एखादा जाणता नट माझ्याशेजारी बसतो, चहा घेत ध्वनिमुद्रण ऐकतो आणि अमुक उत्तर आपण आज का फिरवले ते सांगतो. हे त्याच पहाटे लिहून घ्यावे लागते. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी तोच नट दुसरेच काही बोललेला असतो. कार्तिकातल्या जत्रांपासून वैशाखापर्यंत हे चालते. माझा सध्याचा लॅपटॉप चार्जरसह पावणेतीन किलो भरतो, त्यात ध्वनिमुद्रक, वह्या, पाण्याची बाटली. उजवा खांदा आता हिशेब मागू लागला आहे. तेव्हा यंत्र हलके हवे, आणि त्या पहाटे ते चालू हवे.

या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. त्या पाकिटात मावण्यासाठी काय काय गेले, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. त्या यंत्राची स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली होती आणि बॅटरी वापरणाऱ्याला सहज काढता येणार नाही अशी आत बंद होती. २०११ साली इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या नावाने पातळ यंत्रांची मोहीम चालवली आणि अपवाद होता तो हळूहळू नियम झाला. कारण सरळ आहे. काढता-घालता येणाऱ्या प्रत्येक भागाला खाच लागते, खाचेला उंची लागते, खिटीला जागा लागते. यंत्र बारीक करायचे तर हे जोडच काढून टाकावे लागतात. स्मृती डाखायची, बॅटरी चिकटवायची, कळफलक वरच्या कवचाला कायमचा जडवायचा. २०१८ सालच्या थिंकपॅड टी४८० या यंत्राची मागची बॅटरी खिटी सरकवून हातात घेता येत असे. आज एक किलोच्या आतल्या यंत्रात अशी सोय क्वचितच सापडते. दुरुस्ती करणाऱ्याचा हात जिथे जायचा नेमक्या त्याच जागा बुजवून हे हलकेपण मिळवलेले असते.

आमच्या गावच्या बाजारपेठेत घड्याळाच्या दुकानाशेजारी एक संगणक-दुरुस्ती करणारा तरुण बसतो. माझ्या जुन्या यंत्राची बिजागरी, कळफलक आणि पुढे फिरती तबकडी काढून एसएसडी, हे सगळे त्याने बदलून दिले आहे. त्याला मी मोबाईलवर नव्या यंत्राचे चित्र दाखवले. तो म्हणाला, “सर, हे मी उघडीन; पण पुन्हा पहिल्यासारखे बंद करून देईन असे सांगत नाही.” इतका प्रामाणिक अभिप्राय मला त्या चार दिवसांत दुसऱ्या कुणी दिला नाही.

अभिप्रायांची कमतरता होती असे मात्र नाही. विक्रीच्या पानाखाली ते शेकड्यांनी होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला निवेदक कुठून बोलतो आहे हे आधी पाहण्याची सवय असते, आणि ती इथे कामी येते. पाच तारे देणारे बहुतेक निवेदक कथेच्या पहिल्याच दिवशी बोलत होते. खोके सुंदर आहे, पडदा झकास आहे, वजन पिसासारखे आहे. एक तारा देणारे चौदाव्या-पंधराव्या महिन्यात, हमी संपल्यावर, संतापून बोलत होते. ज्यांचे यंत्र तीन वर्षे मुकाट्याने चालले त्यांना परत येऊन लिहिण्याचे काही कारणच उरत नाही. म्हणजे टिकाऊपणाविषयी ज्यांना खरोखर काही ठाऊक आहे, नेमके तेच या संहितेत अनुपस्थित असतात.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला विभागून नोबेल मिळाले त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून काढता पाय घेतात, असा त्याचा युक्तिवाद. नव्या लॅपटॉपच्या बाबतीत कोणता नग बिघडणार हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण एखाद्या मॉडेलचे किती नग दुरुस्तीला परत आले हे कंपनीला कळते, आणि हा आकडा सहसा बाहेर येत नाही. या अज्ञानावर अॅकरलॉफने जे उतारे सांगितले त्यांत हमी हा एक आहे. तेव्हा यंत्र बिघडेल का, हा प्रश्न मी सोडून दिला. त्याचे उत्तर मिळण्याजोगे नव्हते. बिघडले तर काय होते, हे मात्र खरेदीपूर्वी तपासता येते. म्हणून मी हमीपत्र वाचायला घेतले.

हमीपत्र हा कर्मणी प्रयोगाचा उत्सव असतो. दुरुस्ती केली जाईल, भाग बदलला जाऊ शकेल, नव्याइतकाच चांगला असा नूतनीकृत भाग वापरला जाऊ शकेल. कोण करील, किती दिवसांत करील, हे कुठेच नाही. आपल्याकडे पूर्वी व्यवहारात जामीन राहत असे तो माणूस असे; त्याचे घर माहीत असे आणि वेळ आली तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत असे. इथला जामीन म्हणजे एक फोन क्रमांक. अपवादांच्या यादीत गंज, आर्द्रता आणि विजेच्या दाबातील चढउतार अशी तीन कलमे ओळीने होती. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात या तिन्हींशिवाय दुसरे काय असते? भिंतींना घाम फुटतो, चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी चढते आणि वीज आली की दिवे आधी डोळे वटारतात. साठवलेल्या माहितीच्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर नव्हती. ते अपेक्षितच होते, मुद्रणांच्या दोन प्रती मी वेगळ्या ठेवतोच. मात्र हल्लीच्या विंडोज यंत्रांत साठवण बहुधा कुलूपबंद असते आणि तिची किल्ली मुख्य फलकावरच्या चिपशी बांधलेली असते. फलक बदलला की ४८ अंकी पुनर्प्राप्ती-क्रमांक मागितला जातो. तो ज्याला कुठूनच मिळाला नाही त्याची शेवटच्या पहाटेची टिपणे यंत्र दुरुस्त होऊनही गेलीच.

‘घरपोच सेवा’ हे शब्द ठळक होते. त्यांवरच्या चांदणीचा माग काढत गेल्यावर पिनकोड टाकायची चौकट लागली. ४१६ने सुरू होणारा माझा पिनकोड टाकला. सेवा उपलब्ध नाही. (कोल्हापूरचा पिनकोडही ४१६नेच सुरू होतो आणि तो चालला. तीन आकड्यांचे शेजारी आणि मध्ये आंबोली घाट.) तेव्हा यंत्र आपणच कोल्हापूरच्या अधिकृत केंद्रात नेऊन द्यायचे. पावसात घाटात दरड आली तर वाट पाहायची.

मी त्या केंद्राला फोन केला. नव्या यंत्राबद्दल विचारून उपयोग नसतो. त्याचे सगळे भाग मिळतात असेच सांगतात. त्याच मालिकेतले तीन वर्षांपूर्वीचे मॉडेल सांगून मी तीन वस्तूंची चौकशी केली. कळफलक? वरच्या कवचासह येतो, १४,००० रुपये. बॅटरी? बंगळूरहून मागवावी लागेल, दिवस सांगता येणार नाहीत. मुख्य फलक? तिकडचा गृहस्थ क्षणभर थांबला आणि म्हणाला, “त्यापेक्षा नवीनच घ्या सर.” त्याला मी दोष देत नाही. तेच केंद्र आणखी चार कंपन्यांचे प्रिंटर आणि मॉनिटर पाहते, हेही त्यानेच सांगितले.

स्वस्ताईचे कारण आता अंधुकसे दिसू लागले होते. यंत्र मागच्या पिढीचे होते, म्हणजे वर्ष-दीड वर्षापूर्वी बनलेले असणार. लिथियमची बॅटरी वापराविना पडून राहिली तरी म्हातारी होते, आणि उष्ण गोदामात अधिक लवकर. शिवाय कंपनीचा भारतातला पसाराच लहान, आणि लहान पसारा आवरता घेणे सोपे असते. मोठ्यांनीही ते केले आहेच: अतिहलक्या यंत्रांत एके काळी ज्याचे नाव आधी घेतले जाई तो वायोचा व्यवसाय सोनीने २०१४ साली विकला, तर तोशिबाने २०१८ साली लॅपटॉप-व्यवसायातला मोठा हिस्सा शार्पला दिला आणि २०२० साली उरलेलाही.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, म्हणजे जुलै २०२०पासून, ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. ही सुधारणा मोठी आहे. परंतु आयोगाचा निकाल लागेपर्यंत नाटकांचे किती हंगाम उलटतील, हा माझा प्रश्न होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ उघडले, तिथे कंपन्यांची माहिती एकत्र मिळते. मला अधिक उपयोगी पडले ते फ्रान्स. तिथे १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण लावावे लागतात. उघडण्याची सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यांची किंमत यांवरून ते ठरतात. तीच यंत्रे इथेही विकली जात असल्याने सावंतवाडीच्या बाजारातले गणित सोडवायला फ्रेंच कोष्टक चालते. माझ्या यादीतल्या दोन यंत्रांच्या गुणांत चांगलीच तफावत निघाली.

असो. चौथ्या दिवशी रात्री बारा वाजता सवलत संपली. ती संपताना मी जागा होतो हे नाकारत नाही. दोन आठवड्यांनी कोल्हापुरातल्या एका दुकानातून मी १ किलो २९० ग्रॅमचे, कार्यालयीन वापरासाठी बनवलेले यंत्र ११,००० रुपये जास्त मोजून घेतले. त्यातही स्मृती डाखलेलीच आहे. पण बॅटरी स्क्रूवर आहे, साठवण बदलता येते, आणि ते उघडून पुन्हा बंद करता येईल असे बाजारपेठेतल्या त्या तरुणाने, खालचे झाकण प्रत्यक्ष काढून पाहून, सांगितले आहे. ९८० आणि १२९० यांतला फरक कागदावर ३१० ग्रॅमचा आहे. पहाटे चार वाजता देवळाकडून रस्त्यापर्यंतच्या चढावर तो जास्त भरतो.

आमच्याच विभागातल्या एका सहकारी बाईंनी ते सवलतीचे यंत्र घेतले. ते उत्तम चालले आहे. तासाला येताना त्या ते एका तळहातावर घेऊन येतात आणि माझ्या पिशवीकडे पाहून हसतात. त्यांचे यंत्र चांगले निघाले याने माझा हिशेब चुकत नाही, आणि उद्या बिघडले तर तो बरोबरही ठरणार नाही. हे मी त्यांना एकदा समजावून पाहिले, त्यांनी ते हसण्यावारी नेले. त्यांची हमी येत्या ऑक्टोबरात संपते. वाढीव हमी घ्यावी का, असे त्यांनी परवा विचारले. आधी तिच्यात बॅटरी धरली आहे का ते पाहा, आणि कोल्हापूरला फोन करून कळफलकाची किंमत विचारा, एवढेच मी त्यांना सांगितले.